कर्करोगाची परिभाषा कोकणातल्या दुभाष्यांना शिकवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि कोकणातल्या रुग्णांची मोठी सोय झाली. गाठ हाताला लागली की तुतारी किंवा कोकणकन्या गाडी पकडून परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, नाहीतर तळकोकणातून गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जायचे, ही आपल्याकडची वर्षानुवर्षांची रीत होती. आता निदान पहिली तपासणी आणि काही उपचार तरी जिल्ह्यातच होतील, अशी आशा वाटू लागली आहे. या सोयी वाढत असताना एका उणिवेकडे आरोग्य विभागाचे आणि या महाविद्यालयांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांची भाषा एक नसते, तेव्हा दोघांमध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी नेमलेले नसते आणि कोणी काही शिकवलेलेही नसते. सर्दी-तापात त्याने फारसे बिघडत नाही. कर्करोगात मात्र त्याच्या एका अर्धवट वाक्यावर रुग्णाचे पुढचे सगळे निर्णय उभे राहतात. अशा दुभाष्यांसाठी या तीन महाविद्यालयांनी मिळून एक छोटा अभ्यासक्रम सुरू करावा आणि त्याची सुरुवात कर्करोगाच्या परिभाषेपासून करावी, अशी माझी मागणी आहे. मी शासकीय रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी केली असून निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीच्या रुग्णांबरोबर रुग्णालयात जाणे सुटलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते जवळून पाहिलेले आहे.

कोकणात सगळे मराठीच बोलतात, मग इथे दुभाषी कशाला हवा, असे काहींना वाटेल. त्यांनी मासेमारीचा हंगाम सुरू झाल्यावर मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरावर एक फेरी मारावी. १ जून ते ३१ जुलै ही बंदी संपली की बोटींवर चढणाऱ्या खलाशांत नेपाळचे, कर्नाटकचे आणि थेट ओडिशा-झारखंडचे तरुण दिसतात. आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी राखणदार तर कुटुंबकबिल्यासह येतात आणि हंगाम संपेपर्यंत बागेतल्या खोपीतच संसार करतात. रायगडमधल्या कातकरी वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांची बोली शहरात वाढलेल्या मराठी डॉक्टरलाही पटकन उमगत नाही. कर्णबधिर रुग्णांचा तर आपण विचारच करत नाही. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले असले, तरी आपल्याकडच्या रुग्णालयात कर्णबधिर माणूस आला की त्याची बहीण किंवा शेजारी घरगुती खुणांनी जेवढे सांगेल तेवढेच त्याला कळते. दुसऱ्या बाजूला, शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्यामुळे देशभरातून तरुण डॉक्टर इथे येतात आणि यावेतही. त्यांना पहिल्या वर्षाच्या आरंभी स्थानिक भाषेचे धडे मिळतात. पण एखादी मालवणी आजी ‘घास गिळूक जमना नाय’ असे सांगू लागली, किंवा एखादी बाई खाली मान घालून ‘अंगावर जातं’ एवढेच म्हणाली, तर पहिलीला अन्ननलिकेची आणि दुसरीला गर्भाशयमुखाची तपासणी लागेल, हे त्या धड्यांतून कळत नाही. या सगळ्या ठिकाणी मधे कोण असते? वॉर्डातल्या मावशी, आशाताई, बोटीचा तांडेल, बागायतदाराचा मुलगा, कधी रुग्णाची शाळकरी मुलगी.

असा एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगते. एका बागेतला नेपाळी राखणदार गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यासाठी रुग्णालयात आला होता आणि मी दुसऱ्या एका रुग्णाबरोबर त्याच खोलीत बसले होते. चट्ट्याचा तुकडा काढून तपासलेला होता आणि अहवालात तीव्र डिस्प्लेसिया असे निदान होते. तरुण डॉक्टरांनी हिंदीत अगदी शांतपणे सांगितले, की पेशी बदललेल्या आहेत, आज हा कर्करोग नाही, पण चट्टा तसाच ठेवला आणि तंबाखू चालूच राहिली तर पुढे कर्करोग होण्याचा धोका मोठा आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात तो काढून टाकण्यासाठी या. रुग्णाला हिंदी जेमतेमच येत होते, म्हणून त्याचा सोबती सगळे लक्ष देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो मित्राकडे वळला आणि म्हणाला, ‘क्यान्सर छैन.’ कर्करोग नाही. दोघांनी डॉक्टरांना हात जोडले आणि ते उठले. आंब्याच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला ‘छैन’चा अर्थ ठाऊक असतो, म्हणून मी त्यांना दाराशी थांबवले आणि डॉक्टरांनी पुन्हा बसवून घेतले. दुसऱ्या वेळी अडचण कुठे आहे ते स्पष्ट दिसले. सोबत्याला ‘पेशी’ म्हणजे काय हेच माहीत नव्हते, त्यामुळे ‘पेशी बदलल्या’ हे वाक्य त्याच्या कानावरून गेले आणि त्याच्या ओळखीचा जो एकच शब्द त्या सगळ्या बोलण्यात होता, तोच त्याने उचलला. शेवटी डॉक्टरांनी कागदावर चट्टा काढून दाखवला आणि मी त्याला विचारले, की मोहोरावर तुडतुडा दिसला तर तू फळ गळेपर्यंत थांबतोस की आधीच फवारणी करतोस? त्यावर तो मित्राशी बराच वेळ बोलला, मित्राने दोन प्रश्न विचारले, आणि शस्त्रक्रियेची तारीख घेऊनच दोघे गेले.

त्या सोबत्याची तळमळ खरी होती आणि त्याचे हिंदीही पुरेसे होते. त्याला कर्करोग ठाऊक नव्हता, एवढेच. म्हणूनच दुभाष्यांच्या हाती चार भाषांतील शब्दांची यादी दिली की काम झाले, हा समज मला पटत नाही. बायोप्सी, केमो, स्टेज हे शब्द आता नेपाळीत, कानडीत, हिंदीत आणि मराठीत सारखेच उच्चारले जातात. त्यांचे भाषांतर करावेच लागत नाही. लागते ते त्यांच्यामागे काय घडते हे समजून घेणे. बायोप्सी म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, आणि तो पाहिल्याशिवाय कर्करोगावर सहसा उपचार ठरत नाहीत, हे दुभाष्याला माहीत असेल, तरच ‘गाठीला सुई लागली की रोग पसरतो’ ही गावोगाव पसरलेली भीती रुग्णाच्या प्रश्नात दडलेली असताना त्याला ती ओळखू येईल आणि तो ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवील. माहीत नसेल, तर तो स्वतःच रुग्णाला हळूच सांगेल, की नको करू, आमच्या गावात एकाचे असेच झाले. असे सांगणारे मी पाहिले आहेत आणि त्यातले बहुतेक जण मनापासून रुग्णाचे भले चिंतणारे होते.

प्रश्न विचारतानाही हेच घडते. कोकणात मशेरी लावणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत. त्यांना ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर त्या ‘नाही’ म्हणतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरे असते, कारण मशेरी दाताला लावायची असते, खायची नसते. ती भाजलेल्या तंबाखूचीच असते, हा विचार त्या क्षणी मनात येत नाही. शिकलेला दुभाषी डॉक्टरांना सांगेल, की हा प्रश्न असा विचारून चालणार नाही, मशेरी, गुटखा, पानातला तंबाखू हे एकेक वेगळे विचारावे लागेल. बायकांच्या आजारात तर याहून अडचण आहे. गर्भाशय आणि गर्भाशयाचे मुख यांना आपल्याकडे सरसकट ‘पिशवी’ म्हणतात, त्यामुळे ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ असे स्पष्ट सांगितले नाही, तर आपली पिशवी काढणार आहेत अशी धास्ती घेऊन बाई शिबिरातून परत जाते. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाच्या आणि स्त्रियांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायची आहे, आणि घरोघर जाऊन त्याचा फॉर्म भरणाऱ्या आशाताई याच पहिल्या दुभाषी आहेत. त्यांच्या हाती फॉर्म देताना ही भाषाही द्यायला हवी.

निदान झाल्यावरचे काही शब्द तर अनभिज्ञ माणसाची हमखास दिशाभूल करतात. आपल्याकडे ‘निगेटिव्ह’ म्हणजे चांगली बातमी, हे कोविडने घराघरांत पक्के केले आहे. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचा अहवाल ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आला की नातेवाईक देवाला नारळ ठेवतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की त्या गाठीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना प्रतिसाद देणारे ग्राही नाहीत, आणि हर-टू नावाचे प्रथिनही वाढलेले नाही. म्हणून संप्रेरकांच्या गोळ्यांचा आणि हर-टूवरच्या औषधाचा तिथे उपयोग नाही, आणि केमोवर बराच भर द्यावा लागतो. उलट ‘ई.आर. पॉझिटिव्ह’, म्हणजे इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत, असे ऐकून हंबरडा फोडणाऱ्या घराला हे सांगावे लागते, की त्यामुळे उपचाराचा एक चांगला मार्ग मोकळा झाला आहे. आणि हाच ‘निगेटिव्ह’ शब्द शस्त्रक्रियेनंतर ‘मार्जिन निगेटिव्ह’ असा आला, तर ती खरोखरच चांगली बातमी असते, कारण काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडलेल्या नाहीत. म्हणजे एकच शब्द तीन ठिकाणी तीन गोष्टी सांगतो, आणि कुठे काय हे पाठांतराने येत नाही.

स्टेज आणि ग्रेड यांचा घोळ तर रोजचा आहे. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात हे ग्रेड सांगते. रोग शरीरात कुठवर गेला आहे हे स्टेज सांगते. गाठीचा आकार व शिरकाव, जवळच्या लसिका गाठी आणि दूरच्या अवयवांतला प्रसार, या तीन बाबी ‘टी’, ‘एन’ आणि ‘एम’ या अक्षरांनी मांडण्याची पद्धत पिएर दनुआ या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९४०च्या दशकात घडवायला घेतली आणि आज जगभर गाठीच्या बहुतेक कर्करोगांची स्टेज तिच्यावरूनच ठरते. डॉक्टर ‘ग्रेड तीन’ म्हणतात, मधला माणूस ‘तिसरी स्टेज’ सांगतो, घरचे लोक मनात ‘शेवटची’ ऐकतात आणि पूर्ण बरी होऊ शकणारी बाई उपचार न घेता गावी परतते. लहान गाठ ग्रेड तीनची असूनही पहिल्या स्टेजची असू शकते, हे एक वाक्य दुभाष्याला ठाऊक असेल, तर एवढा अनर्थ टळतो.

शेकाबद्दलही थोडे लिहायला हवे. रेडिएशनला आपल्याकडे कोणी शेक म्हणते, कोणी लाईट, कोणी करंट. आणि शेवटचा शब्द ऐकून पुष्कळांना विजेचा झटका बसणार असे वाटते. तोंडाच्या कर्करोगात हे उपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे चालतात. सुरू करण्यापूर्वी किडलेले दात काढून टाकायला सांगतात, कारण किरणोपचारानंतर दात काढला तर जबड्याचे हाड नीट भरून न येता सडू शकते. हे कारण सांगितलेच नाही, तर ‘दुखणे गालाचे आणि हे दात कशाला उपटतात’ असे वाटून खलाशी निघून जातो, किंवा दहा-बारा शेक झाल्यावर बरे वाटले म्हणून मधेच बोटीवर परततो.

परंतु माझ्या मते अभ्यासक्रमात सर्वांत आधी शिकवायची गोष्ट आहे केमोनंतरचा ताप. केमो घेतल्यावर साधारण आठवडा ते दोन आठवडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेलेल्या असतात आणि त्या काळात साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला तर रात्र असो वा पहाट, ताबडतोब रुग्णालयात यायचे, घरी गोळी घेऊन वाट पाहायची नाही, असे डॉक्टर बजावून सांगतात. हेच वाक्य दुसऱ्या भाषेत जाताना ‘ताप आला तर दाखवायला या’ एवढे मऊ झाले, की रुग्ण क्रोसिन घेतो, घाम येऊन ताप उतरतो, आणि माणूस दोन दिवसांनी येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. गुहागर किंवा देवगडच्या एखाद्या आडवाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला तसेही तास-दोन तास मोडतात. त्यात निरोपच ढिला गेला, तर उरलेला वेळही हातचा जातो. दुभाष्याने इथे आकडा, वेळ आणि ‘ताबडतोब’ हे तिन्ही जसेच्या तसे पोहोचवले पाहिजेत, आणि रुग्णाकडून ते परत वदवून घेतले पाहिजेत. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडचा प्रत्येक माणूस आदराने मान डोलावतो. ‘घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल, ते मला सांगा’ असे विचारले, की काय समजले आणि काय नाही ते लगेच कळते.

मॉर्फिनचेही तसेच. कर्करोगाच्या वेदनांसाठी तोंडाने घ्यायचे औषध घड्याळाच्या काट्यावर द्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले आहे. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी घ्यायची असते. दुखायला लागण्याची वाट पाहायची नसते. मधल्या माणसाने ‘दुखलं तर घ्या’ असे सांगितले, की रुग्ण दिवसभर सोसत राहतो. त्यातच मॉर्फिन म्हणजे आता सगळे संपले, किंवा त्याची सवय लागते, अशी समजूत स्वतः दुभाष्याच्याच मनात असेल, तर त्याच्या आवाजातूनही ती रुग्णाला जाणवते. पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार मूळ उपचारांच्या जोडीनेही चालू शकतात, हे त्याला शिकवलेले नसेल, तर तो त्याचे भाषांतर ‘आता घरी घेऊन जा’ असेच करणार.

यापुढचा भाग कठीण आहे आणि तो परिभाषेच्या वर्गातच शिकवायला हवा. आपल्या घरांत ‘पेशंटला काही सांगू नका’ असे नातेवाईक दाराबाहेरच सांगून ठेवतात. त्यामागे माया असते, हे मी नाकारत नाही. पण मधल्या माणसाने कोणाचे ऐकायचे? तो कर्करोगाला ‘अल्सर’ म्हणतो, केमोला ‘ताकदीचे सलाईन’ म्हणतो, रुग्ण त्यावर सही किंवा अंगठा करतो आणि केस गळू लागले की त्याचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. संमती खरी आणि वैध असली पाहिजे, म्हणजे पुरेशी माहिती मिळाल्यावर स्वेच्छेने दिलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही रुग्णाला त्याला कळणाऱ्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे. शिकलेला दुभाषी असा निर्णय आपल्या अंगावर घेत नाही. नातेवाईकांनी काय सांगितले आहे ते तो डॉक्टरांच्या कानावर घालतो, आणि रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे डॉक्टरांनी रुग्णालाच विचारावे, असे सुचवतो. पुढे जे बोलणे होईल ते तो न वाढवता, न गाळता पोहोचवतो. आणि या कामासाठी रुग्णाच्या मुलाबाळांना उभे करू नये, हा नियम तर आजपासूनच व्हावा. आईच्या गर्भाशयमुखाविषयीचे प्रश्न मुलीने विचारायचे आणि उत्तरही तिनेच ऐकायचे, हे त्या दोघींवर अन्याय करणारे आहे.

हे सारे अनुभवाने येते, वेगळ्या शिक्षणाची गरज नाही, असे मला एका जाणकारांनी ऐकवले होते. या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत रुग्णालयांतील दुभाषी हा मान्यताप्राप्त व्यवसाय असून २००९पासून त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणपत्र संस्थाही आहेत. तेथे मॅसॅच्युसेट्स राज्यातील मुलांच्या तातडीच्या विभागांत, स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांबाबत झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. व्यावसायिक दुभाष्यांच्या चुकांपैकी १२ टक्के चुका रुग्णाला अपाय करू शकतील अशा होत्या. ऐनवेळी धरून आणलेल्या माणसांच्या बाबतीत हे प्रमाण २२ टक्के, तर दुभाषीच नव्हता तिथे २० टक्के निघाले. म्हणजे न शिकलेला माणूस मधे घातल्याने काहीच साधले नाही. ज्यांचे शंभर किंवा त्याहून अधिक तासांचे प्रशिक्षण झाले होते, त्यांच्याबाबत मात्र ते प्रमाण अवघे २ टक्के होते, आणि फरक पडला तो प्रशिक्षणाच्या तासांनी; कामाच्या वर्षांनी पडला नाही. हा अभ्यास परदेशातला आणि मुलांच्या आजारांविषयीचा आहे हे खरे, तरी शिकवण्याने काय होते ते त्यातून दिसते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांतील तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी, ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने केली, आणि तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावी झालेली बाई नीट शिकवल्यावर जर हे करू शकते, तर आमच्या आशाताई आणि वॉर्डातल्या मावशी ‘डिस्प्लेसिया’ समजून घेऊन दुसऱ्याला का सांगू शकणार नाहीत? त्यांना चार भाषा येतात, माणसे ओळखीची असतात, आणि रुग्ण जे डॉक्टरांसमोर बोलत नाही ते त्यांच्याजवळ बोलतो.

शिकवावे कसे, याबद्दल एवढेच सुचवते, की फळ्यावर शब्द लिहून अर्थ उतरवून देऊ नयेत. नाव झाकलेला खरा अहवाल हातात द्यावा, तो विकृतिशास्त्राच्या, म्हणजे पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडून ओळ न ओळ समजावून घ्यावा, एकदा सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी आणि बदललेल्या पेशी शेजारी शेजारी दाखवाव्यात, केमोचे आणि किरणोपचाराचे केंद्र प्रत्यक्ष फिरवून आणावे. मग एकाने डॉक्टर, एकाने रुग्ण आणि तिसऱ्याने दुभाषी होऊन वाईट बातमी सांगण्याचा सराव करावा आणि काय गळले, काय वाढले ते बाकीच्यांनी सांगावे. जिथे नेमका शब्द नाही तिथे साध्या वाक्यात सांगण्याची मुभा असावी. कातकरी बोलीतली वाक्ये कातकरी बायकांनी, नेपाळी वाक्ये इथे वर्षानुवर्षे राहिलेल्या नेपाळी कुटुंबांनी तपासून द्यावीत. डॉक्टरांनाही एक तास बसवावे, कारण दुभाष्याला आधी दोन मिनिटे बाजूला घेऊन आज काय सांगायचे आहे याची कल्पना देणे, तुटक वाक्यांत बोलणे आणि दुभाष्याकडे न पाहता रुग्णाकडे पाहून बोलणे, हे त्यांनाही शिकावे लागते.

खर्च मोठा नाही. शिक्षक महाविद्यालयांतच आहेत. देशभरातील कर्करोग केंद्रांना जोडणारे जाळे २०१२पासून टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने उभे राहिले आहे, त्याचे मार्गदर्शन मागता येईल. प्रशिक्षण घेतलेल्यांना प्रमाणपत्र द्यावे, त्यांची नावे आणि भाषा बाह्यरुग्ण विभागात फलकावर लावाव्यात, आणि बोलावल्यावर येणाऱ्याला रुग्णकल्याण समितीच्या निधीतून मानधन मिळावे; आशाताईंकडून हेही काम फुकट करून घेऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते, त्यामुळे या माणसांना काम पडणार नाही अशी शंका कोणी घेऊ नये.

दिवाळीच्या सुमारास राखणदार पुन्हा बागांवर येऊ लागतील आणि बोटींवरची माणसे तर त्याआधीच आलेली असतील. पहिली तुकडी तोवर शिकून तयार व्हावी, यासाठी तिन्ही महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी या पावसाळ्यातच एकत्र बसून अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवावा, अशी माझी विनंती आहे. शिकवायला हाताशी माणूस हवा असेल, तर माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका आनंदाने येतील.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
रत्नागिरी